जुनी काचेची टाकी: मासे सोडण्याआधी जोडांचं काम

लाखांदूर तालुक्यात मासा कुणाला नवा नाही. वैनगंगा आहे, चुलबंद आहे, गावोगावी मामा तलाव आणि बोड्या आहेत. ढिवर समाजाच्या कितीतरी पिढ्या या पाण्यावर जगल्या. घरात काचेच्या टाकीत शोभेचे मासे ठेवण्याची हौस मात्र त्या मानाने अलीकडची, आणि पुष्कळ घरांत ती जुन्या टाकीवाटेच येते. बँकेतल्या साहेबांची बदली होते, सामान आवरताना टाकी कुणाला तरी देऊन टाकतात. एखादं दुकान बंद पडतं आणि काउंटरवरची टाकी स्वस्तात निघते. वडशाला किंवा नागपूरला नातेवाइकांच्या माळ्यावर पडून राहिलेली टाकी पोरांच्या हट्टापायी गावात येते. मग आणल्या दिवशीच तिच्यात रेती पडते, पाणी भरलं जातं, संध्याकाळी मासे सुटतात आणि पहाटे छपरीभर पाणी.

हे टाळता येतं, तेही फारसा खर्च न करता. फक्त एक समज आधी सोडावी लागते, की गळणारी टाकी म्हणजे सिलिकॉनची ट्यूब आणायची आणि गळतं तिथे थापायची. सिलिकॉन लावण्याचं काम पाव तासाचं असतं. टाकी टिकते ती त्याआधीच्या खरवडण्या-पुसण्यावर आणि त्यानंतरच्या थांबण्यावर.

जोर किती आणि तो धरतो कोण

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही टाकी घराघरांत सर्वांत जास्त दिसते. तिच्यात काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. म्हणजे ५६ किलो पाणी, ५ एमएमची असली तर नऊ-साडेनऊ किलो काच, वर दहाएक किलो रेती-दगड. सगळं मिळून ७५ किलोंच्या घरात.

पाण्याचा दाब त्याच्या उंचीवर ठरतो. एक फूट पाणी भरलं की या टाकीच्या समोरच्या काचेवर एकूण सुमारे २८ किलोंचा जोर बसतो. तेवढ्याच लांबीच्या टाकीत पाणी दीड फूट उंच केलं तर तो ६४ किलोंच्या जवळ जातो आणि दोन फुटांवर ११३ किलो होतो. उंची दुप्पट केली की जोर चौपट. म्हणून दुरुस्त केलेली जुनी टाकी लांबट आणि बुटकी असेल तर निर्धास्त राहता येतं. उंच, उभट टाकी दिसायला ऐटबाज असते, पण पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

हा जोर धरून ठेवतं ते सिलिकॉन दोन जागी असतं. एक थर दोन काचांच्या मध्ये, कडेवर. त्याची रुंदी काचेच्या जाडीएवढीच, म्हणजे ४-५ एमएम. टाकी उभी राहते ती याच्या बळावर. दुसरा थर आतल्या कोपऱ्यात तिरका भरलेला, बोटाला लागतो तो. तो मधल्या थराचं पाण्यापासून आणि शेवाळ घासणाऱ्या ब्लेडपासून रक्षण करतो. आतला थर खराब झाला असेल तर टाकी घरी दुरुस्त होते. मधला थर सुटला असेल तर ती दुरुस्ती नसते, टाकी पूर्ण उकलून पुन्हा जोडावी लागते. टाकी बघायला जाल तेव्हा मुख्य शोध घ्यायचा तो या फरकाचा.

पैसे देण्याआधी

मोबाइलचा टॉर्च लावा आणि प्रत्येक जोड तिरप्या नजरेने, बाहेरच्या बाजूने बघा. चांगला जोड एकसारखा काळा किंवा एकसारखा पारदर्शक दिसतो. त्यात चंदेरी चट्टे, पांढरट रेषा किंवा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले बुडबुड्यांचे माग दिसले, तर तिथे सिलिकॉन काचेपासून सुटलं आहे. एखादा सुटा बारीक बुडबुडा टाकी बनवतानाच राहिलेला असतो, त्याची काळजी नको. मग आतल्या थराला कोपऱ्यात नख लावून उचलून बघा. नखाने पट्टी सुटून आली तर आतलं काम करावंच लागेल हे धरून भाव करा.

काचेला तडा असेल तर ती काच बदलायची, एवढा एकच नियम. तडा केसाएवढा असो की बोटभर, त्यावर सिलिकॉन फासून किंवा आतून दुसरी काच चिकटवून भागवणारे लोक आहेत, पण भरलेल्या टाकीत तडा पुढे सरकतो आणि केव्हा सरकेल ते कुणी सांगू शकत नाही. वरच्या काठावरचा एखादा टवका चालतो, पाण्याचा जोर तिथे नगण्य असतो. खालच्या कोपऱ्यातला, जोडाला भिडलेला टवका चालत नाही. टाकी उलटी करून बुडाची काच बघायला बहुतेक लोक विसरतात, आणि खडबडीत ओट्यावर ठेवलेल्या टाकीचं बूडच आधी जातं. टाकीच्या वरच्या बाजूला आडवी काचेची पट्टी असेल तर तिचे दोन्ही टोकांचे जोड तपासा. लांब टाकीच्या काचा मध्यभागी बाहेर फुगू नयेत म्हणून ती असते. ती निखळली म्हणून काढून टाकली, असं विकणारा सांगत असेल तर ती परत बसवावी लागेल.

धानपट्ट्यात एक प्रश्न आवर्जून विचारावा. इतके दिवस टाकी कुठे होती आणि तिच्यात काय ठेवलं होतं? शेतीच्या सामानाच्या खोलीत कीटकनाशकाच्या बाटल्या ठेवायला, औषध कालवायला ती वापरली गेली असेल तर फुकटही घेऊ नका. काच धुऊन निघते, पण सिलिकॉनमध्ये अशी रसायनं मुरतात आणि पुढे हळूहळू पाण्यात उतरतात. आधीच्या मालकाने माशांच्या रोगावर तांबं असलेलं औषध वापरलं असेल, तर त्या टाकीत झिंगे आणि गोगलगाई ठेवू नयेत. जुनी रेतीही तशीच टाकून द्यावी.

टाकीबरोबर जुने मासेही गळ्यात पडतात. त्यांची सोय दुरुस्ती होईपर्यंत मोठ्या प्लास्टिक टबात एअर पंप लावून करा. नको असतील तर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. बोडीत, तलावात किंवा चुलबंदीत सोडू नका. काच चाटत फिरणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे. आपल्या देशात अनेक ठिकाणी तो तळ्या-नद्यांत पसरला आहे. तिथे जाळं त्याच्या काटेरी अंगाला अडकून फाटतं आणि बाजारात त्याला कुणी घेत नाही. त्याचा भुर्दंड मासेमारीवर जगणाऱ्या घरांना पडतो.

आणताना टाकी वरच्या काठाला किंवा आडव्या पट्टीला धरून उचलायची नाही. दोघांनी बुडाखाली हात घालून उचलायची, आणि आत रेती-पाणी काही नको. गाडीत खाली तणसाचा जाड थर, त्यावर पोतं. तणस इथे सहज मिळतं आणि खड्ड्यांचे हिसके ते छान झेलतं. सिलिकॉन उन्हाने सहसा मरत नाही. त्याला मारतात ते ब्लेड आणि असले हिसके.

धुणं आणि पाण्याची चाचणी

बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे थर साचलेले असतात. ते चुन्याचे असतात, आंबटाने सुटतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून थरावर अर्धा तास चिकटवून ठेवा, मग हाफ ब्लेडने खरवडा. भांड्यांची पावडर, तारेची घासणी, साबण यांतलं काहीही वापरू नका. घासणीचे ओरखडे काचेवरून पुन्हा निघत नाहीत आणि साबणाचा अंश माशांच्या कल्ल्यांना घातक असतो. जंतू मारायला ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी चालतं, पण व्हिनेगर पूर्ण धुऊन काढल्यावर, वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो छातीला लागतो. ब्लीचिंगनंतर टाकी भरपूर पाण्याने धुऊन, कोरडी करून, वास पूर्ण जाईपर्यंत ठेवावी.

उन्हाळ्यात हे काम अंगणात करू नका. वैनगंगेपलीकडचं ब्रह्मपुरी दर मे महिन्यात राज्यातल्या सर्वांत तापलेल्या गावांत असतं, आपल्याकडचं ऊनही त्याच पट्ट्यातलं. उन्हात तापलेल्या काचेवर बोअरचं गार पाणी पडलं की धडधाकट काचही तडकते. तीच गोष्ट थंडीत गरम पाण्याने धुण्याची.

मग चाचणी. टाकी सपाट फरशीवर, खाली वर्तमानपत्राचे चार-पाच थर घालून ठेवा. अंगणाला आणि छपरीला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, तिथे नको. आधी एक तृतीयांश पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. काही झालं नाही तर दोन तृतीयांश, पुन्हा एक रात्र. मग पूर्ण, आणि पूर्ण भरल्यावर दोन दिवस. पहिल्याच दमात काठोकाठ भरलं आणि जोड सुटला, तर ५६ लिटर पाणी घरात येतं, काच फुटून हातापायाला लागू शकते.

पाण्याच्या रेषेवर बाहेरून टेपचा तुकडा चिकटवा. आता अडचण अशी, की आपल्याकडे कोरड्या हवेत पाणी नुसतं वाफेनेही उतरतं आणि माणूस विनाकारण घाबरतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे टाकीशेजारी सरळ कडांचा, रुंद तोंडाचा स्टीलचा गंज पाण्याने भरून ठेवायचा आणि त्याच्याही पातळीवर खूण करायची. दोन्हीकडे साधारण सारखंच पाणी उतरलं तर ते वाफेने गेलं. टाकीतलं जास्त उतरलं तर टाकी गळते, भले वर्तमानपत्र कोरडं दिसत असेल.

गळती सापडवणं हा खरा कौशल्याचा भाग आहे. पाणी जिथे थेंबतं तिथेच ते आतून निसटतं असं नाही. जोडाच्या आतल्या आत ते फूटभर सरकून दुसऱ्याच कोपऱ्यातून बाहेर येतं. म्हणून थेंबाचा माग काढण्यापेक्षा पातळी बघा. गळती उभ्या जोडात असेल तर पाणी त्या उंचीपर्यंत उतरतं आणि थांबतं. पातळी जिथे थांबली त्याच उंचीवर चारही कोपरे तपासा. पाणी पूर्ण रिकामं होत असेल तर दोष बुडाच्या जोडात आहे.

थिगळ का टिकत नाही

गळती सापडली की त्या दोन इंचांवर नवं सिलिकॉन लावण्याचा मोह होतो. हे थिगळ टिकत नाही. ओलं सिलिकॉन काचेला घट्ट धरतं आणि ओल्या सिलिकॉनलाही धरतं, पण वाळून रबर झालेल्या जुन्या सिलिकॉनला ते जेमतेम चिकटतं. थिगळाच्या कडेखालून पाणी पुन्हा वाट काढतं. म्हणून आतला थर काढायचा तर सगळा काढायचा, चारही उभे कोपरे आणि बुडाच्या चारही कडा. दोन फुटी टाकीत हा जोड मिळून १० फूट भरतो. एका दुपारी होणारं काम आहे.

टाकी पूर्ण कोरडी करा. हाफ ब्लेड होल्डरमध्ये लावून काचेला जवळजवळ आडवं धरा आणि थराच्या कडेखाली सरकवा, आधी एका काचेवरून, मग दुसऱ्या. दोन्ही बाजू सुटल्या की पट्टी ओढून निघते. ब्लेडचं टोक कोपऱ्याच्या फटीत घालायचं नाही. तिथे मधला थर आहे, तो कापला गेला तर चांगली टाकी आपल्याच हाताने मोडली असं होईल. ब्लेड बोथट झालं की लगेच बदला. नव्या ब्लेडखाली सिलिकॉनचा पातळ पापुद्रा करकरत सुटतो, बोथट ब्लेड त्यावरून नुसतं घसरतं आणि काच साफ झाल्यासारखी वाटते.

पापुद्रा खरंच गेला का, हे डोळ्यांना कळत नाही, पण श्वासाला कळतं. काचेवर तोंडाने वाफ सोडा. स्वच्छ काचेवर वाफ एकसारखी धरते. सिलिकॉनचा किंवा तेलाचा अंश असेल तिथे वाफ फाटल्यासारखी, ठिपक्या-ठिपक्यांनी बसते. तिथे पुन्हा ब्लेड फिरवा. शेवटी मेडिकल दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल धुतलेल्या सुती फडक्यावर घेऊन कोपरे पुसा, दोनदा, दर वेळी फडक्याची नवी घडी घेऊन. हँड सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन आणि सुगंध असतात. थिनर-पेट्रोलही नको, ती तेलकट थर मागे ठेवतात. यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचा घामट ठसा जिथे उमटेल तिथे जोड कच्चा राहील.

ट्यूब निवडताना

हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉन म्हणून बऱ्याच गोष्टी मिळतात. ट्यूबवर ‘१०० टक्के सिलिकॉन’ लिहिलेलं हवं, आणि ‘अ‍ॅक्वेरियमसाठी’ असं लिहिलेली मिळाली तर उत्तमच. ‘अँटिफंगल’, ‘बुरशीरोधक’, ‘सॅनिटरी’, ‘बाथरूमसाठी’ यांपैकी काही लिहिलं असेल तर ती परत द्या. बुरशी मारायला घातलेलं औषध माशांनाही मारतं. लावल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं सिलिकॉन काचेला चांगलं धरतं आणि वास पूर्ण गेल्यावर माशांना निर्धोक असतं. अ‍ॅक्रिलिक सीलंट, खिडकीची पुट्टी, इपॉक्सी, डांबर यांचं टाकीत काम नाही. इपॉक्सी कडक होते, टाकी भरताना काच किंचित वाकते तेव्हा ती साथ देत नाही.

मुदत बघून घ्या. छोट्या गावात ट्यूब फळीवर वर्षभर पडून असते आणि मुदत संपलेलं सिलिकॉन कधीच धड वाळत नाही. टाकीला लावण्याआधी काचेच्या फुटक्या तुकड्यावर वाटाण्याएवढा गोळा टाका आणि दुसऱ्या दिवशी दाबा. वरून रबर झालेला असला तर ट्यूब चांगली. २८० मिलिची एक ट्यूब १० फुटांच्या जोडाला पुरून उरते.

दिवसही निवडावा लागतो. हे सिलिकॉन पाणी उडून वाळत नाही, उलट हवेतली ओल ओढून घेऊन घट्ट होतं. म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते आतून वाळायला जास्त दिवस घेतं, जरी आपल्याला वाटतं की उन्हाळ्यात सगळंच लवकर वाळतं. भर पावसाळ्यात त्याच्यावर साय पटकन धरते, पण काचेलाच दमट ओल सुटलेली असते आणि ओल्या काचेला ते धरत नाही. पाऊस गेल्यावर, धान कापणीच्या आगेमागे, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस या कामाला सर्वांत चांगले. दुसऱ्या ऋतूत करायचंच असेल तर उन्हाळ्यात वाळण्याला जास्त दिवस द्या आणि पावसाळ्यात कोरडी, उघडीप असलेली दुपार धरा.

भरणं

कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना ८ एमएम जागा सोडून मास्किंग टेपच्या सरळ पट्ट्या लावा. नोझल तिरकं कापा, भोक ५-६ एमएमचं. दोघं जण हवेत, एकाच्या हाती गन, दुसऱ्याच्या हाती प्लास्टिकचा चमचा. आधी उभे कोपरे, लगेच बुडाच्या कडा, मध्ये चहाला थांबायचं नाही. ओल्याला ओलं मिळालं पाहिजे. गन ओढत नेण्यापेक्षा पुढे ढकलत न्या, म्हणजे सिलिकॉन कोपऱ्यात दाबलं जातं आणि खाली हवा राहत नाही. मागून दुसऱ्याने चमच्याच्या पाठीने एकाच लांब हाताने ते सारखं करायचं. पुन्हा-पुन्हा हात फिरवला की ते ओरबाडलं जातं. एकेक जोड सारखा झाला की टेप लगेच तिरप्या दिशेने ओढून काढायची. दहा मिनिटांत साय धरू लागते, आणि साय धरल्यावर टेप काढली तर कडाही उचलून येतात. खिडक्या उघड्या ठेवा, तो वास डोळ्यांना झोंबतो.

आता टाकीला हात लावायचा नाही. ट्यूबवर २४ तास लिहिलेलं असतं, ते पातळ थरासाठी. कोपऱ्यातला जाड थर बाहेरून आत वाळत जातो, त्याला पूर्ण सात दिवस द्या, कोरड्या उन्हाळ्यात दहा-बारा. नाक टाकीत घालून वास घ्या. आंबट वास आहे तोवर सिलिकॉनमधून आम्ल सुटतं आहे, आणि ते पाण्यात उतरलं तर मासे तगमगतात. वास गेला की पुन्हा तीच चाचणी, तीन टप्प्यांत, गंजासकट. चाचणीचं पाणी फेकून द्या. नंतर एकदा भरून रात्रभर ठेवलेलं पाणीही फेका.

दुसऱ्या चाचणीतही गळली, तर समजा की मधला थर सुटला आहे. आणखी एक थर आतून चढवून फायदा नाही. अशी टाकी पाचही काचा सुट्या करून, कडा साफ करून पुन्हा जोडावी लागते. त्याला गुण्या, काटकोनात धरायला टेप, आणि एकदा बसवलेली काच न हलवता धरून ठेवण्याचा सराव हवा. हे काम भंडारा-गोंदिया किंवा नागपूरकडच्या टाकी बनवणाऱ्याकडून करून घ्यावं. काच बदलायची असली तर जुन्या काचेचं माप सुताएवढ्या फरकाने नाही, एमएममध्ये घ्या, जुन्याइतक्याच जाडीची काच मागा आणि काचवाल्याकडून कडा घासून घ्या. हिरकणीने कापलेली कच्ची कड हात तर कापतेच, शिवाय तडा जायला तिथूनच सुरुवात होते. बाहेर वळवलेल्या, गोलसर काचेच्या आयात टाक्यांची काच आपल्याकडे कापून मिळत नाही. तिला तडा असला तर ती टाकी सोडून द्यावी. एकूण खर्च नव्या टाकीच्या निम्म्यावर जाऊ लागला की नवीच घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

एखाद्या जुन्या घरातून लोखंडी अँगलच्या चौकटीतली, पुट्टीने काच बसवलेली टाकी निघते. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलं, तेव्हा घरगुती टाक्या अशाच असत. नुसत्या सिलिकॉनवर उभ्या राहणाऱ्या काचेच्या टाक्या जगात १९६०च्या दशकापासून रुळल्या. पुट्टीची टाकी कोरडी पडली की पुट्टी आक्रसते आणि मग ती कितीही डागडुजी करून गळतेच. जुन्या पुट्टीत शिसं असण्याचाही धोका असतो. अशी टाकी हौसेने जपून ठेवा, त्यात मासे ठेवू नका.

जोडाचं महत्त्व मोठ्या जागीही तेच आहे. बर्लिनच्या एका हॉटेलातली १४ मीटर उंचीची अ‍ॅक्रिलिकची टाकी १६ डिसेंबर २०२२च्या पहाटे फुटली, १० लाख लिटर पाणी लॉबीतून रस्त्यावर आलं, जवळजवळ सगळे मासे गेले. चौकशीत एकच कारण पक्कं ठरलं नाही, पण चिकटवलेला जोड सुटणं ही शक्यतांपैकी एक होती. पहाटेची वेळ होती म्हणून माणसं वाचली.

बैठक आणि वीज

दुरुस्त टाकी सर्वांत जास्त वेळा बिघडते ती वाकड्या बैठकीमुळे. स्टँडच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली की ७५ किलोंचा भार एका कोपऱ्यावर जातो, आणि नवा जोड दिवसेंदिवस ओढला जातो. गवंड्याकडची पाणसळ मागून आणा, नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपरे एका पातळीत घ्या. काचेच्या बुडाखाली १० एमएमचं थर्माकोल किंवा फोम पूर्ण मापाचा घाला. एखादा वाळूचा कण बुडाखाली राहिला तरी तेवढ्याच जागी काच तडकू शकते. फोम तो कण गिळतो. टीव्हीचं शोकेस, शिलाई मशीनचं टेबल, भिंतीतली फळी यांवर टाकी ठेवू नका. खिडकीतलं दुपारचं ऊन थेट पडेल अशी जागाही नको. मे महिन्यात त्या पाण्यात मासे शिजतील.

हीटर आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीपुरताच लागतो. पाणी बदलताना तो आधी बंद करायचा आणि दहा मिनिटं थांबून मगच पाणी काढायचं. गरम हीटर उघडा पडला की त्याची काच फुटते आणि पाण्यात वीज उतरते. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी थेंबेल, प्लगमध्ये शिरणार नाही. अर्थिंग तपासून घ्या. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल, तर टाकी हे तो बसवण्याचं पुरेसं कारण आहे. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा.

नळयोजनेचं पाणी भरत असाल तर त्यातला क्लोरीन जाण्यासाठी ते उघड्या टबात २४ तास ठेवा किंवा दुकानात मिळणारे हायपोचे खडे वापरा. पाणी भरून फिल्टर सुरू झाला तरी मासे लगेच सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, त्याचं नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यासाठी मासे नसलेल्या या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळतो. हे आठवडे दुरुस्तीलाही उपयोगी पडतात. रोज सकाळी बुडाच्या कडेखालून कोरडं बोट फिरवा. जोडात कुठे ओल सुटणार असेल तर मासे येण्याआधी ती कळेल.

पहिली चाचणी, खरवडणं, सिलिकॉन वाळणं, दुसरी चाचणी आणि फिल्टरमध्ये जीवाणू वसणं मिळून टाकी आणल्यापासून मासे सुटेपर्यंत दोन महिने लागतात. घरात मुलं असतील तर त्यांना ही तारीख टाकी आणायच्या आधीच सांगून ठेवा, आणि ब्लेड सोडून बाकी सगळ्या कामात त्यांना सोबत घ्या.